दादाच्या विमानाचं अस्तर

ट्रकच्या पत्र्याला अस्तर कोणतं, असं मला कोणी झोपेतून उठवून विचारलं असतं तरी मी सांगितलं असतं. लाल ऑक्साईड, दुसरं काय! साकोलीला हायवेच्या कडेला माझं टिनाचं शेड होतं आणि रायपूर-नागपूर करणारे निम्मे ट्रकवाले मला ओळखत. कामासाठी ओळखत आणि माझ्या तोंडासाठीही. "पेंटरभाऊ, जरा लवकर," असं कोणी म्हटलं की माझं डोकं फिरायचं. रंग काय तुह्या बापाचा नोकर आहे, सांगतलं की वाळाले? असं तोंडावर ऐकवायचो. पण प्लास्टिकच्या विमानाला अस्तर कोणतं लावतात हे मला माहीत नव्हतं. आणि ते मला विचारलं माझ्या मोठ्या भावानं, ज्यानं त्याआधी वर्षभर कोणाला काहीच विचारलं नव्हतं. आज भाजी काय केली, हेसुद्धा नाही.

दादा नाकाडोंगरीकडच्या एका मँगनीजच्या खाणीत फिटर होता. ऐंशी साल उलटून एक-दोन वर्षं झाली असतील तेव्हाची गोष्ट. खाणीत दगडानं भरलेले लोखंडी डबे तारेच्या दोरानं उतारावरून वर ओढत. दोर ज्या पकडीनं डब्याला जोडलेला असे, ती रोज सकाळी पाहायची आणि तिचे नट कसायचे, हे दादाचं काम. एक दिवस ती पकड सुटली. डबे उलटे खाली आले आणि खाली उभा असलेला एक मजूर गेला. चौकशी झाली. बोल्ट आतून जुना झाला होता, तो तुटला, फिटरची चूक नाही, असं कागदावर लिहून आलं. आम्ही सगळ्यांनी देवापुढे नारळ फोडला. दादा मात्र एकच वाक्य धरून बसला.

"त्या दिवशी सकाळी मी नट कसले का नाही, ध्यानच येऊन नाही राहिलं."

अरे बाबा, जे काम माणूस रोज करतो ते एका ठरावीक दिवशी केल्याचं कोणाला आठवतं? मी काल दात घासले का, हे मलाही आठवत नाही. पण त्याला कोण समजावणार! नोकरी सोडली, क्वार्टर सोडलं, वहिनीला घेऊन माझ्याकडे साकोलीला आला. माझं तेव्हा लग्न व्हायचं होतं, दोन खोल्या होत्या, अडचण काही नव्हती. अडचण ही होती की दादाचा स्वतःच्या हातावरचा विश्वास उडाला होता. कुलूप लावलं की पाच वेळा ओढून पाहायचा. बसस्टँडपर्यंत जाऊन परत यायचा, पुन्हा ओढायचा. सायकलच्या चाकात हवा भरली तरी मला बोलवायचा, "तू एकदा पाह्य गा." पंचक्रोशीत ज्याच्यासारखा फिटर नव्हता तो माणूस मला, ब्रशवाल्याला, हवा बघायला सांगायचा. मला राग यायचा आणि रडूही यायचं. रडू मी रागातच काढायचो.

खाण सोडताना तिथल्या इंजिनियर साहेबानं त्याला एक खोका दिला होता. साहेबाला प्लास्टिकची छोटी विमानं जोडायचा नाद. परदेशातला कोणी नातेवाईक पाठवायचा त्याला. दादा साहेबाचा पंखा दुरुस्त करायला गेला की काचेच्या कपाटातली ती विमानं बघत उभा राहायचा, हे साहेबानं ध्यानात ठेवलं होतं. तो खोका सहा महिने खाटेखाली पडून होता. एका पावसाळी दुपारी वहिनीनं तो ओढून काढला आणि दादापुढे ठेवला. "हे तरी पाहा. नाही तं चुलीत जाईन हे."

त्यात विमानाचे सुटे तुकडे होते, एका चौकटीला काड्यांनी जोडलेले, झाडाला शेंगा लागाव्या तसे. दादानं पहिल्या दिवशी नुसते मोजले. दुसऱ्या दिवशीही मोजले. तिसऱ्या दिवशी माझ्याकडे घासायचा पाणीपेपर मागितला. मग दोन महिने तो खिडकीपाशी बसून एकेक तुकडा कापायचा, घासायचा, फुंकर मारायचा, जोडायचा. दीड वीत रुंदीचं विमान झालं. पंखांवर खसखशीएवढे रिवेट, खऱ्या विमानाला असतात तसे रांगेनं. पोटाचे दोन भाग त्यानं असे जोडले होते की एक दिवस मला म्हणाला, "नख फिरवून पाह्य. सांधा सापडला तं सांग." मी फिरवलं. नाही सापडला, देवाशपथ! दादा हसला. वहिनीनं त्या दिवशी काही कारण नसताना शिरा केला.

आमच्याच रस्त्यावर एक राईस मिल होती. तिच्या मालकाला दादाचं काम माहीत होतं. धानाचा हंगाम येणार, मशीनवर भरवशाचा माणूस पाहिजे, म्हणून तो दोनदा येऊन गेला होता. दादा दोन्ही वेळा आत जाऊन बसला. तिसऱ्यांदा आला तेव्हा मात्र दादा दारात उभा राहून बोलला. "हे विमान होऊ द्या. यात माह्या हातून चूक नाही झाली तं येतो." मालकाला काय कळलं असेल देव जाणे, त्यानं मान हलवली. मला आणि वहिनीला पूर्ण कळलं. त्या दिवसापासून आम्ही दोघंही त्या विमानाजवळून जाताना पदर, लुंगी सांभाळून जायला लागलो.

आता राहिला होता रंग. खोक्यातल्या कागदावर सगळं चित्रांनी समजावलेलं होतं. शेवटच्या चित्रात ब्रश होता आणि त्यावर लिहिलं होतं की आधी प्रायमर द्या, मग रंग. इंग्रजी अक्षरं मी बोर्डावर रंगवून रंगवून शिकलेलो, तेवढं वाचता आलं. "प्रायमर म्हणजे अस्तर," मी म्हणालो.

"मग कोणतं लावाचं?" दादानं विचारलं. "तू पेंटर आहे. सांग."

माझी छाती फुगली. वर्षभरानं दादानं काही विचारलं होतं, तेही माझ्या धंद्यातलं. "त्यात काय एवढं! ऑक्साईड मारू," म्हणालो. दादानं विमान उचलून छातीशी धरलं. "आधी काडीवर."

विमानाचे तुकडे ज्या चौकटीला होते तिचं प्लास्टिक तेच. दादानं तिच्या बोटभर काड्या कापल्या, प्रत्येकीवर खिळ्यानं आकडा कोरला. एकेका काडीला एकेक अस्तर लावायचं, चार दिवस फळीवर ठेवायचं, मग नखानं खरवडून बघायचं. खाणीत तो नवीन ग्रीस आलं तरी असंच करायचा म्हणे. मला हे चार-चार दिवस म्हणजे शिक्षा. ट्रक मी चार दिवसांत रंगवून रस्त्याला लावतो! पण दादा काड्या मांडत होता, बोलत होता, तर मी गप बसलो.

पहिल्या काडीला डिस्टेंपर लावलं. ते थेंबाथेंबानं गोळा होऊन खाली आलं, पालथ्या घड्यावर पाणी. मग दादाला आठवलं की साच्यातून काढताना प्लास्टिकला काहीतरी तेलकट लागलेलं असतं. सगळ्या काड्या आणि अख्खं विमान त्यानं साबणाच्या पाण्यानं लहान लेकराला घालावी तशी आंघोळ घालून धुतलं, सावलीत वाळवलं. त्यानंतर डिस्टेंपर बसलं, पण वाळल्यावर पापडासारखं उचललं. दुसरीला माझं लाडकं लाल ऑक्साईड, टर्पेंटाईन घालून पातळ केलेलं. चार दिवसांनीही बोटाला चिकटत होतं. दादानं काडी उजेडात धरली. "रिवेट बुजतीन यानं. जाड आहे." तिसरीला चंदेरी रंग थेट लावून पाहिला, तो अंगठ्याला लागून आला. चौथीला पांढरा ऑइलपेंट, तोही टर्पेंटाईननंच पातळ करून, तो कडेवरून ओघळला, कडा उघड्याच्या उघड्या. एकेक काडी नापास झाली की मला आपलाच अपमान झाल्यासारखं वाटायचं.

पाचवी काडी दादाची. आमच्या गल्लीत एक सुतार होता, पाटाला, पलंगाला लाखेचं पॉलिश मारायचा. आपल्याच रानातली लाख, पळसाच्या, कुसुमाच्या झाडावरची. तिचा साफ करून केलेला चपडा स्पिरिटमध्ये भिजवला की पॉलिश तयार. दादानं ते वाटीभर आणलं, त्यात खडूची वस्त्रगाळ पूड मिसळली. मी हसलो. "पलंगाचं पॉलिश विमानाले? लोक हसतीन दादा!" लावलं. चहा पिऊन होईस्तोवर वाळलं. चार दिवसांनी नखानं खरवडलं, निघालं नाही. ब्लेडच्या टोकानं खरवडलं, नुसती रेघ पडली. थर इतका पातळ की काडीवरचा कोरलेला पाचाचा आकडा जसाच्या तसा वाचता येत होता. त्यावर मी चंदेरी रंगाचा हात दिला, आणि काय सांगू, असा बसला की माझ्या तोंडून "वा रे पठ्ठ्या!" निघून गेलं.

"हेच," दादा म्हणाला. दुसरं काही न विचारता, मला बघायला न सांगता म्हणाला. "विमानाले ताजं लागन. सुतार बाहेर गेला आहे कामाले. आला की करू."

दिवाळी आली तरी सुतार आला नाही. भाऊबीजेला वहिनीला करडीला माहेरी जायचं होतं. तिच्या भावाच्या घरचा धान कापायला आला होता, म्हणून आठ दिवस राहून यायचं ठरलं. दादाही निघाला. ही नवलाई होती, वर्षात तो साकोलीबाहेर गेला नव्हता. निघताना गडबड झाली, बस लागली म्हणून कोणी ओरडलं, दादानं विमान फळीवर ठेवलं, मला म्हणाला, "हात नको लावजो, मी आल्यावर करू," आणि कुलूप लावायचं माझ्यावर सोपवून गेला. मी त्याला जाताना बघत राहिलो. एकदाही वळून आला नाही.

तिसऱ्या दिवशी सुतार स्पिरिटमध्ये भिजवलेला ताजा चपडा घेऊन आला. आता मला सांगा, मी काय करायला हवं होतं? झाकण लावून ठेवायला हवं होतं. पण माझ्या मनात भरलं, दादा येईल तोवर अस्तर लावून, घासून, चंदेरी रंग देऊन विमान उभं करायचं. दादानं दार उघडावं आणि बघत राहावं. आणि खरं सांगायचं तर अजून एक होतं मनात. अस्तर सुताराचं निघालं, अक्कल दादाची निघाली, यात पेंटरचं काय? रंगाचा हात तरी माझा दिसू दे! उतावळा नवरा अन् गुडघ्याला बाशिंग.

शेडवर विमान नेलं. दादाचं सगळं ध्यानात होतं. हात साबणानं धुतले. चपडा गाळून घेतला, खडूची पूड मोजून घातली. ब्रश नवा. आणि मग, पत्र्याला अस्तर लावण्याआधी दहा-बारा वर्षं जे करत आलो ते केलं. कपड्याचा बोळा थिनरमध्ये बुडवला आणि विमानाचा डावा पंख पुसला.

माझ्या हिशोबी हे अस्तरात धरतच नाहीत. अस्तर लावायच्या आधी थिनरचा कपडा फिरवायचा, तेल-धूळ निघून जाते. आमच्या धंद्यात हे हात आपोआप करतात, डोक्याला विचारत नाहीत. आम्ही पाच काड्या लावल्या, पण थिनरची काडी कोणी लावली नव्हती, कारण थिनर लावायचं कोणाच्या मनातच नव्हतं.

आधी कपडा साबणासारखा सरकला. मग अडला. कोणी खालून धरून ठेवावा तसा. मी उचलला तर पंखावरचे रिवेट गेलेले, त्या जागी कपड्याची वीण उमटलेली, दोन धागे रुतलेले. अरे देवा! मी घाबरून अंगठ्यानं सारखं करायला गेलो आणि पंखाचं टोक खाली वाकलं. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. तिथंच मातीत बसलो. बाहेर एक ट्रकवाला हॉर्न वाजवत होता, त्याला मी अशी शिवी दिली की तो निघूनच गेला. बिचाऱ्याचा काही दोष नव्हता.

पाच दिवस होते माझ्याकडे. पत्र्याचे खड्डे बुजवायची लांबी भरून बघावी का, पंख घासून बघावा का, सगळे विचार झाले. काही होण्यासारखं नव्हतं. खसखशीएवढे रिवेट मी कुठून आणणार? शेवटी विमान होतं तसं फळीवर ठेवलं. दादा आला की सांगू, हात जोडू, दोन थोबाडीत मारल्या तर खाऊ. ठरवलं होतं, शपथेवर सांगतो.

दादा आला तो उन्हानं रापलेला, हातावर धान कापल्याचे ओरखडे. करडीला त्यानं विळा हातात घेतला होता, पंपाची मोटरही खोलून दुरुस्त करून दिली होती. वहिनी दारातूनच सांगत सुटली, "भाऊजी, यायनं मोटर चालू केली! कोणालेच नाही जमलं ते यायनं केलं!" दादानं पिशवी ठेवली, साबणानं हात धुतले आणि फळीकडे गेला.

विमान उचलून उजेडात धरलं. मग पंख नाकाजवळ नेला. "थिनर," म्हणाला. वळून मला विचारलं, "तू लावला का गा हात?"

विचारण्यात राग नव्हता. नुसतं विचारलं, नटाचा नंबर विचारावा तसं. हो म्हणायला किती लागतं? एक अक्षर. पण वहिनी समोर उभी होती, मोटरीची बातमी अजून तिच्या तोंडावर होती, आणि माझ्या तोंडून निघालं, "मी? मी कायले लावतो? तू नाही म्हणून सांगतलं होतं ना."

दादानं मान हलवली. खाटेवर बसला, विमान मांडीवर घेऊन. "जाताना मी धूळ पुसली होती याची," हळूहळू म्हणाला. "बस लागली होती. कपडा उचलला कोणतातरी. तुह्या शेडातलाच असन, थिनरचा." माझ्याकडे नाही, जमिनीकडे बघत म्हणाला, "कोणता उचलला, ध्यानच येऊन नाही राहिलं."

तेव्हाही मी बोलू शकलो असतो. नाही बोललो. वहिनीनं माझ्याकडे एकदा पाहिलं आणि आत गेली.

त्या दिवसापासून कुलूप पुन्हा पाच वेळा. मिलवाला आला तेव्हा हंगाम ऐन भरात होता, मशीनसाठी दुसरा कोणी मिळत नव्हता. दादानं त्याला हात जोडले. "माह्या हाताचा भरोसा नाही मालक. पट्ट्याजवळ माणसं उभी राह्यतात तुमच्या. मले नका बोलवू." मिलवाला समजावून थकला आणि गेला. त्याची पाठ वळली तसा मी घरात शिरलो आणि एका दमात सगळं सांगून टाकलं. चपडा, बोळा, रिवेट, अंगठा, पाच दिवस. वहिनी चुलीपुढून उठून दारात आली. मी विमान आणून पंख दाखवला. "हे पाह्य, माह्या अंगठ्याचा ठसा! तुहा अंगठा एवढा मोठा आहे का?" थिनरची बाटली आणली, उरलेल्या काडीवर थेंब टाकला, ती कशी विरघळते ते दाखवलं. मी रडत होतो, ओरडत होतो, त्याच्यावरच चिडत होतो.

दादानं काडी विरघळताना शेवटपर्यंत पाहिली, फिटर बघतो तशी. मग बाटलीला बूच लावलं. "थिनरनं असंच होते, मले माहीत आहे," म्हणाला. "अंगठा तं नंतरही लागला असन, तू फळीवरून काढून पाह्यला असन."

"दादा, मी केलं! मी खोटं बोललो होतो!"

"तुह्या वयनीनं सांगतलं का तुले असं म्हणाले?"

वहिनी म्हणाली, "मी कायले सांगू? भाऊजी खरं बोलून राहिले." त्यानं तिच्याकडे नुसतं पाहिलं, आणि आम्ही दोघांनी ठरवूनच हे केलं, अशी त्याची खात्रीच पटल्यासारखी झाली. उठला, माझ्या खांद्यावर हात ठेवला. वर्षभरात त्यानं मला शिवलं नव्हतं. इतक्या मायेनं बोलला की मला त्याचा आवाज अजून ऐकू येतो.

"तू चांगला आहेस गा. पण माह्यासाठी आपल्या अंगावर नको घेऊ. एकदा घेतलं की जात नाही ते."

मी त्याला हलवून, ओरडून पुन्हा सांगायला हवं होतं. रोज सांगायला हवं होतं, पटेपर्यंत. पण त्याचा हात खांद्यावर होता आणि लिहायला लाज वाटते, मला बरं वाटलं. सुटलो, असं वाटलं. दादा त्यानंतर पुष्कळ वर्षं माझ्या घरी होता. मी पुन्हा सांगितलं नाही.